मॉड्यूलच्या मागे जागा नाही, मग पॅड वाढवायचं कसं?

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं की पहिले काही महिने किक, स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट, एक क्रॅश आणि एक राईड एवढं पुरतं. मग हात बसतो आणि डाव्या बाजूला दुसरा क्रॅश हवासा वाटू लागतो. कुणाला काउबेल हवी असते, कुणाला छोटा स्प्लॅश, तर कुणाला गाण्याच्या मध्येच एखादा तयार आवाज सोडायला सुटं पॅड. पॅड मिळतं, क्लॅम्प मिळतो, केबलही मिळते. गाडी अडते ती मॉड्यूलच्या, म्हणजे पॅडांच्या ठोक्यांवरून आवाज सोडणाऱ्या डब्याच्या मागे, कारण तिथे सगळं भरलेलं दिसतं. दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: मोठं मॉड्यूल घ्या.

मला हे उत्तर घाईचं वाटतं. पुष्कळ किटमध्ये एक-दोन पॅडांची सोय आधीपासूनच असते, आणि ती नसली तरी मॉड्यूल न बदलता मार्ग निघतो. त्यासाठी मॉड्यूलच्या मागे पॅडची केबल जिथे खुपसतो त्या जॅकच्या आत काय चालतं ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. ते समजलं की कुठली केबल चालेल आणि कुठली नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

पॅडमधून नेमकं काय निघतं

पॅड रबराचं असो की जाळीचं, त्याच्या पोटात पितळेची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर असतो. ही पायझो चकती. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिलं. आपलं सगळं किट त्याच गुणधर्मावर उभं आहे. काठी पडली की चकती किंचित वाकते, केबलमध्ये व्होल्टेज उसळतं, थरथरतं आणि विरून जातं. पॅडला बॅटरी लागत नाही ती यामुळेच. सुट्या चकतीवर जोरात ठोका दिला तर क्षणभर दहा-वीस व्होल्टही सहज दिसतात.

केबलमधून जाते ती एवढी उसळी. तिच्यात आवाज नसतो. मॉड्यूलला तिच्यावरून तीन गोष्टी ठरवायच्या असतात: खरंच ठोका पडला का, तो किती जोराचा होता, आणि त्यासाठी कोणता आवाज सोडायचा. यातली दुसरी सगळ्यात अवघड. उसळीचं टोक किती उंच गेलं हे कळायला ते टोक येईपर्यंत थांबावं लागतं. या थांबण्याला स्कॅन टाइम म्हणतात; रोलंड कंपनीच्या मॉड्यूलांमध्ये तो ० ते ४ मिलिसेकंदांत लावता येतो. टोक मोजून झालं तरी चकती थरथरतच असते, म्हणून पुढचा थोडा वेळ मॉड्यूल तिच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतं. हा मास्क टाइम, ० ते ६४ मिलिसेकंद.

म्हणजे प्रत्येक इनपुटच्या मागे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप करणारी यंत्रणा बसलेली असते. डब्याला भोक पाडून नवा जॅक बसवला तर तो आत कुणाला जोडणार? इनपुट वाढवायचं म्हणजे हे मोजणारं कुणीतरी वाढवायचं, किंवा आधीच मोजत असलेल्या एखाद्याकडे काम कमी असेल तर त्याला ते द्यायचं. पुढचे सगळे मार्ग या दोनपैकी एकात बसतात.

एका जॅकमध्ये दोन वाटा

पॅडचा प्लग हातात घेऊन पाहा. दोन काळ्या पट्ट्या असतील तर तो स्टिरिओ आहे, म्हणजे टोक, कडं आणि दांडा असे त्याचे तीन भाग आहेत. दांडा म्हणजे अर्थिंग. टोकावरून मधल्या भागाचा संकेत जातो, कड्यावरून काठाचा. एकच काळी पट्टी असेल तर एकच वाट, एकच विभाग.

आता खरी मेख. काठाचा संकेत दोन वेगळ्या पद्धतींनी येतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पहिल्या पद्धतीत काठालाही स्वतःची पायझो चकती असते. स्नेअरच्या पॅडमध्ये बहुधा असंच असतं: मध्ये एक चकती, रिमला दुसरी, आणि दोन्ही आपापला जोर सांगतात. दुसरी पद्धत सिंबलची. तिथे पायझो एकच, आणि काठाखाली लांबट पट्टीसारखा स्विच. काठावर ठोका बसला की पायझो सांगतो किती जोरात, आणि स्विच फक्त सांगतो की ठोका काठावर होता. स्विचला जोर कळत नाही, तो एक तर मिटतो किंवा उघडा राहतो. हाताने काठ धरून सिंबल गप्प करता येतं तेही याच स्विचमुळे.

तीन विभागांच्या राईडमध्ये कंपन्यांनी आणखी वेगळे रस्ते धरले आहेत. यामाहा एकाच स्टिरिओ केबलमधून काठ आणि कप (मधला उंचवटा) दोन्ही पाठवते. आत रोधक असतात, आणि किती रोध आला यावरून मॉड्यूल ओळखतं की कोणता स्विच मिटला. रोलंडच्या सीवाय-१५आर सारख्या राईडला त्याच कामासाठी दोन केबली लागतात. म्हणून एका कंपनीचं पॅड दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला लावलं की मधला भाग छान वाजतो आणि काठ मुका राहतो. अशा वेळी पॅड बिघडलंय असं समजून ते परत करायला धावू नका. आधी मॉड्यूलमधला पॅडचा प्रकार बदलून पाहा.

रोलंडच्या टीडी-२७ सारख्या वरच्या मॉड्यूलांवर यूएसबीच्या आकाराचीही ट्रिगर इनपुट असतात. ती डिजिटल पॅडांसाठी आहेत. साधं पायझो पॅड तिथे कुठल्याही केबलने चालणार नाही.

आधी स्वतःचंच मॉड्यूल तपासा

अलेसिस कंपनीच्या नायट्रो किटचं उदाहरण घ्या. त्याच्या सगळ्या केबलींचं जुडगं २५ पिनांच्या एका रुंद प्लगमध्ये संपतं. तो प्लग बसवला की लोकांना वाटतं, झालं, आता वाव नाही. पण त्या मॉड्यूलवर टॉम ४ आणि क्रॅश २ अशी दोन इनपुट वेगळी दिलेली असतात, आणि मूळ किटमध्ये ती रिकामीच राहतात. रोलंडच्या टीडी-१७ ची रचनाही तशीच: २५ पिनांचा प्लग, आणि शिवाय क्रॅश २ व ऑक्स हे दोन जॅक. ऑक्सला काउबेल, टाळी, घंटा, हवा तो आवाज देता येतो. इथे नवं पॅड आणि एक स्टिरिओ केबल घेतली की काम संपलं.

रिकामा जॅक खरोखरच नसेल, तर अर्धा रिकामा जॅक शोधायचा. किकच्या पॅडला एकच विभाग असतो, पण काही मॉड्यूलांत किकचा जॅक स्टिरिओ असतो आणि त्याच्या कड्याची वाट कुणीच वापरत नाही. टॉमचंही असंच. टॉमच्या रिमवर तुम्ही कधी वाजवतच नसाल, तर ती वाट दुसऱ्या पॅडला देता येते. त्यासाठी एका बाजूला स्टिरिओ प्लग आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो टोकं अशी वाय केबल लागते. एका टोकाला जुना टॉम, दुसऱ्याला नवं पॅड. मग मॉड्यूलमध्ये त्या टॉमच्या रिमला स्प्लॅशचा आवाज द्यायचा.

केबल घेताना ती मिक्सरच्या इन्सर्टसाठी वापरतात त्या प्रकारची असावी. दिसायला अगदी तशीच, पण आतून तोच संकेत दोन्हीकडे वाटणारी केबलही बाजारात असते आणि तिचा इथे काही उपयोग नाही. टोक एका पॅडला आणि कडं दुसऱ्याला जातं का, हे मल्टिमीटर लावून लगेच कळतं.

या उपायाला मर्यादा आहेत. पहिली म्हणजे ते इनपुट पायझो-पायझो प्रकाराचं असायला हवं. कड्यावर स्विचची अपेक्षा करणाऱ्या इनपुटला पायझो जोडला तर काहीच वाजणार नाही, किंवा वाजलंच तर जोराचा चढउतार मिळणार नाही. दुसरी मर्यादा अशी की खऱ्या पॅडमध्ये रिमवर ठोका पडला तरी मधला भागही हलतो, त्यामुळे मॉड्यूल दोन्ही संकेत ताडून पाहतं आणि पुष्कळदा एकालाच ‘खरा’ ठरवतं. वाय केबलवरची दोन पॅडं एकाच क्षणी वाजवली तर त्यातलं एक गायब होऊ शकतं. म्हणून जी दोन वाद्यं तुम्ही एकत्र कधीच वाजवत नाही अशांचीच जोडी लावा. किक आणि क्रॅश एका केबलवर आणू नका, कारण ते जवळजवळ नेहमी एकत्रच पडतात. तिसरं, जुडग्याच्या काही केबलींत टॉमसाठी मुळात दोनच तारा ओढलेल्या असतात. कड्याची तारच नसेल तर मॉड्यूल कितीही चांगलं असलं तरी त्या केबलवर हा उपाय चालत नाही.

दोन पॅडं सरळ एकत्र करून एकाच वाटेवर सोडणं, हा उपायही लोक करतात. दोन्हींचा आवाज एकच राहणार, हे उघड आहे. पण दुसरं नुकसान पटकन लक्षात येत नाही. पायझो चकती विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखी वागते. दोन चकत्या समांतर जोडल्या की एकीने तयार केलेला भार दुसरीतही वाटला जातो आणि व्होल्टेज जवळपास निम्मं होतं. पॅडं मंद होतात, हलके ठोके हरवतात. दोन किक पॅडांसाठी वगैरे हे चालवून घेता येईल. स्नेअरसारख्या नाजूक कामाला अजिबात नको.

बाहेरून मोजणारा आणायचा

दोन-तीनपेक्षा जास्त पॅडं वाढवायची असतील तर वेगळा डबा घेणं हाच सरळ मार्ग. ठोके मोजून त्यांचे मिडी संदेश करणारे डबे मिळतात. अलेसिसच्या ट्रिगर आयओला १० इनपुट होती. ई-ड्रमिन नावाचे डबे ४, ८ आणि १० इनपुटांचे येतात. या डब्यांना स्वतःचा आवाज नसतो. ‘अमुक क्रमांक, एवढा जोर’ एवढंच ते पुढे कळवतात.

मिडी ही वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांना संदेश पाठवायची १९८३ पासूनची पद्धत आहे आणि अजून तितकीच उपयोगी आहे. एका ठोक्याच्या संदेशात सुराचा क्रमांक ० ते १२७ पैकी एक, आणि जोर १ ते १२७ पैकी एक. जनरल मिडीच्या यादीत ड्रम १० व्या चॅनेलवर असतात: किक ३६, स्नेअर ३८, क्रॅश ४९, चायना ५२, स्प्लॅश ५५, काउबेल ५६, दुसरा क्रॅश ५७. नव्या पॅडला ५६ दिला की ही यादी पाळणारं कुठलंही यंत्र काउबेल वाजवतं. क्रमांक चुकला तर काठी पडते क्रॅशवर आणि ऐकू येतो बोंगो. तेव्हा घाबरायचं नाही, दोन्हीकडचे क्रमांक जुळवायचे.

हा संदेश कोण ऐकणार, हे खरेदीच्या आधी ठरवा. तुमच्या मॉड्यूलला पाच पिनांचं मिडी इन असेल तर डब्याच्या मिडी आउटमधून तिथे केबल टाकली की नवी पॅडं मॉड्यूलचेच आवाज वाजवतात. दोन यंत्रांचं मिडी एकाच इनमध्ये घालायचं असेल तर मर्ज करणारा वेगळा डबा लागतो. मिडीत वाय केबल चालत नाही. आणि डब्याला फक्त यूएसबी असेल, मॉड्यूललाही फक्त यूएसबी असेल, तर ती दोन्ही एकमेकांना थेट जोडून उपयोग नसतो. दोघंही ‘उपकरण’ आहेत, मध्ये कुणीतरी ‘यजमान’ हवा: संगणक, किंवा यूएसबी मिडी होस्ट म्हणून मिळणारा छोटा डबा. हे न बघता केलेली खरेदी कपाटात पडून राहते.

संगणक मध्ये घेतला की उशिराचा प्रश्न येतो. मिडीच्या पाच पिनी केबलमधून एक संदेश जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, त्याची चिंता नको. तेवढ्या वेळात आवाज हवेतून ३४ सेंटिमीटर जातो. संगणकाचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी तो साठवायची जागा, मात्र महत्त्वाचा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला २५६ सॅम्पलचा बफर ५.८ मिलिसेकंद घेतो, १२८ चा २.९. स्कॅन टाइम, बफर आणि बाहेर पडताना लागणारा वेळ मिळून १० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की हाताला तो जाणवायला लागतो. विंडोजवर असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) लावल्याशिवाय ड्रम वाजवायच्या फंदात पडू नये, असं मी ठामपणे सांगेन.

स्वतःचा आवाज असलेले डबेही आहेत. रोलंडच्या टीएम-२ मध्ये दोन स्टिरिओ इनपुट असतात, आणि कार्डावर टाकलेले तुमचे आवाज तो वाजवतो. आपल्याकडच्या वादकांना मात्र याहून जवळचा पर्याय माहीत आहे, तो म्हणजे ऑक्टापॅड. १९८५ च्या पहिल्या ऑक्टापॅडला तर स्वतःचे आवाजच नव्हते. तो केवळ मिडी पाठवायचा. आज लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो, बँजो पार्टी असो की भजनाचा कार्यक्रम, एसपीडी-२० किंवा त्याची भावंडं स्टँडवर दिसतातच. त्याच कुळातल्या एसपीडी-एसएक्समध्ये ९ पॅडं आहेत आणि मागे दोन स्टिरिओ ट्रिगर जॅक. वाय केबली लावल्या तर बाहेरची चार एकेरी पॅडं त्यावर चालतात. किटशेजारी असं यंत्र ठेवलं तर मॉड्यूलला हातही न लावता नऊ ते तेरा जागा वाढतात. आवाज दोन ठिकाणांहून येतो, म्हणून दोन्हींचं आउटपुट मिक्सरवर वेगवेगळ्या चॅनेलला द्यायचं. घरी हेडफोनवर वाजवत असाल तर ऑक्टापॅडचं आउटपुट मॉड्यूलच्या मिक्स-इनमध्ये टाकलं तरी भागतं. ज्याच्याकडे ऑक्टापॅड आहे त्याने दुसरं काही विकत घ्यायच्या आधी हे करून पाहावं.

हाताने बनवायचं असेल तर

२७ किंवा ३५ मिलिमीटरच्या पायझो चकत्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. चकती रबराला थेट चिकटवू नका. पातळ धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पट्टीला फोमच्या दुहेरी टेपने चिकटवा आणि रबर त्या पट्टीवर ठेवा, म्हणजे ठोका कुठेही पडला तरी हादरा सगळीकडे सारखा पोचतो. सिरॅमिकवर डाग देताना सोल्डरिंगचं टोक क्षणभरच टेकवा, नाहीतर वरचा चंदेरी थर निघून येतो.

मोजणारा म्हणून आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड चालतो. त्याच्या उनो या प्रकारावर ६ ॲनालॉग इनपुट असतात, एक वाचन सुमारे १०० मायक्रोसेकंदांत होतं आणि ० ते ५ व्होल्टची विभागणी १,०२४ पायऱ्यांत होते. सहाही इनपुटांचा फेरा ०.६ मिलिसेकंदात संपतो, म्हणजे ठोक्याचं टोक निसटत नाही. एका इनपुटवर आळीपाळीने १६ वाटा जोडणारा मल्टिप्लेक्सर लावला तरी फेरा १.६ मिलिसेकंदांचा, अजूनही चालण्यासारखा. प्रत्येक चकतीला समांतर १ मेगाओहमचा रोधक लावायचा, म्हणजे साठलेला भार निचरतो. त्याच्याबरोबर जादा व्होल्टेज अडवणारा ५.१ व्होल्टचा झेनर डायोड हवाच; वर सांगितलेले दहा-वीस व्होल्ट आठवा, ते थेट चिपमध्ये जाऊ देऊ नयेत. उनो संगणकाला मिडी यंत्र म्हणून आपोआप दिसत नाही, लिओनार्डोसारखे बोर्ड मात्र तशी ओळख देऊ शकतात. त्यामुळे या कामाला लिओनार्डो बरा.

हाय-हॅटच्या पेडलचं मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे ठोक्याबरोबर पाय किती खाली आहे हेही सतत मोजावं लागतं, आणि मिडीत ती माहिती कंट्रोलर ४ मधून जाते. दुसरं हाय-हॅट वाढवायचं असेल तर ते कायमचं बंद ठेवून साध्या पॅडसारखं वाजवा.

जोडणी झाली, आता बसवणी

नवं पॅड जोडल्यावर पहिली तक्रार येते ती अशी: टॉम वाजवला की काउबेलही वाजते. ही रॅकची करामत. हादरा नळीतून शेजारच्या पॅडपर्यंत जातो आणि तिथला पायझो तो इमानाने कळवतो. मॉड्यूलमध्ये क्रॉसटॉक कॅन्सल असतं. ते सुरू असेल तर एका पॅडवर जोराचा ठोका पडल्यावर त्याच क्षणी आलेले शेजारचे बारीक संकेत टाकून दिले जातात. पण लक्षात घ्या, मॉड्यूल हे फक्त स्वतःच्या इनपुटांपुरतं करू शकतं. नवं पॅड बाहेरच्या डब्यावर असेल तर किटवर काय वाजलं हे त्या डब्याला माहीतच नसतं. अशा पॅडला वेगळ्या स्टँडवर बसवणं हाच खरा इलाज. रॅकवरच ठेवावं लागलं तर क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घाला.

मग सेन्सिटिव्हिटी. तुमचा सगळ्यात जोराचा ठोका १२७ च्या जरा खाली यायला हवा. मधल्या ताकदीलाच १२७ येत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, नाहीतर सगळे ठोके एकाच जोराचे ऐकू येतील.

एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर मास्क टाइम किंवा रीट्रिगर कॅन्सल वाढवा, पण जपून. १२० च्या लयीत बत्तिसाव्या मात्रांच्या दोन ठोक्यांत साडेबासष्ट मिलिसेकंदांचंच अंतर असतं. ताशाच्या तर्रीसारखा दाट रोल पॅडवर काढायचा तर ठोके याहून जवळ येतात, आणि ६० वर ठेवलेला मास्क त्यातले एकाआड एक गिळून टाकतो. दुहेरी आवाज बंद होईल तेवढंच वाढवायचं, मग लगेच रोल वाजवून खात्री करायची.

थ्रेशोल्ड सगळ्यात शेवटी लावा आणि तो घरी लावून मोकळे होऊ नका. तो किती हलक्या संकेताला ठोका मानायचं हे ठरवतो. घरी तो खाली ठेवला की काठीची अगदी हलकी टिचकीही पकडली जाते. मंडपात लाकडी स्टेजवर, शेजारी बासचा स्पीकर घुमत असताना तोच थ्रेशोल्ड हवेचा आणि फळीचा हादराही ठोका समजतो. साउंड चेकच्या वेळी बास आणि ढोल पूर्ण आवाजात वाजू द्या, हात काठ्यांपासून दूर ठेवा आणि मॉड्यूलवरचे ट्रिगरचे दिवे पाहा. जे पॅड आपोआप चमकतं त्याचाच थ्रेशोल्ड एकेक पायरी वाढवत न्या, दिवा विझेपर्यंत, आणि हे सेटिंग त्या कार्यक्रमाच्या नावाने वेगळं सेव्ह करा.